चौथ्या पानावरच्या अकरा ओळी

आमच्या घराण्याचा इतिहास दोन ठिकाणी लिहिलेला आहे. एक घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर, आजीच्या हातचा. दुसरा ‘पेल्टन मर्क्युरी’ या वर्तमानपत्रात, आजोबांच्या हातचा. या दोन इतिहासांचं आपसात कधी पटलं नाही. लिहिणाऱ्यांचंही बेताचंच पटायचं.

आजोबा, म्हणजे एनॉस विक्सम, मर्क्युरीचे मालक, संपादक आणि मुद्रक. कनेक्टिकट नदीच्या काठी पेल्टन गावात त्यांनी १७६८ साली छापखाना घातला, तेव्हा आमच्यावर अजून राजाचं राज्य होतं. दर गुरुवारी चार पानं निघत. पहिल्या पानावर लंडनच्या तीन महिने शिळ्या बातम्या, दुसऱ्यावर बॉस्टनच्या, तिसऱ्यावर गावच्या, चौथ्यावर जाहिराती. गावच्या बातम्या गावाला आधीच ठाऊक असत. लोक तिसरं पान उघडायचे ते एनॉसला त्यातलं काय काय चुकीचं कळलंय ते बघायला. आणि चुकलेलं कधी दुरुस्त होत नसे. आजोबांचं म्हणणं असं की एक दुरुस्ती छापली की लोक बाकीच्यावरही संशय घ्यायला लागतात.

चौथ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, १७६९ च्या ऑक्टोबरपासून एक जाहिरात होती:

‘माझी बायको केतुरा ही माझे घर व अंथरूण विनाकारण सोडून गेली आहे. तिला कोणीही थारा देऊ नये. जो देईल त्याजवर कायद्याप्रमाणे इलाज करण्यात येईल. एनॉस विक्सम.’

शेजारी पाठीवर बोचकं घेऊन पळणाऱ्या माणसाचं एक लाकडी ठशाचं चित्र. चित्र धरून अकरा ओळींची जागा.

अशा जाहिराती त्या काळी सगळ्याच वर्तमानपत्रांत असत. बायको रुसून गेली की नवरा सासऱ्याकडे जायच्या आधी छापखान्यात जायचा. पण बाकीच्यांच्या जाहिराती तीन आठवडे चालायच्या. आमची बेचाळीस वर्षं चालली. आणि ज्या बाईच्या नावाने ती चालली ती बाई त्यातली सगळी वर्षं, तेवीस दिवस सोडले तर, छापखान्याच्या मागच्याच स्वयंपाकघरात होती.

आजीने घर सोडलं होतं हे खरं. ते ती स्वतःही नाकारत नसे. त्याचं असं झालं की त्या ऑक्टोबरात नदीला पूर आला, टपाल आणणारा घोडेस्वार पलीकडेच अडकला, आणि चौथ्या पानावर अकरा ओळींची जागा उरली. कोरी जागा सोडणं आजोबांना अर्ध्या कपड्यांत चर्चला जाण्यासारखं वाटायचं. मजकूर तर काहीच नव्हता. आजीने आपल्या बहिणीला लिहिलेलं एक पत्र तेवढं टेबलावर पडलं होतं. त्यात लिहिलं होतं, की माझा नवरा जेवताना स्वतःचाच अग्रलेख मोठ्याने वाचतो, आणि मधूनमधून थांबून स्वतःच ‘वा’ म्हणतो. आजोबांनी मजकूर मोजून पाहिला. बरोब्बर अकरा ओळी भरत होत्या. त्यांनी तो छापला.

गुरुवारी गाव पोट धरून हसलं. शुक्रवारी आजी बहिणीकडे, दीनाकडे, बारा मैलांवर हॅडनला निघून गेली. पुढच्या गुरुवारपर्यंतही पूर ओसरला नाही. पुन्हा अकरा ओळी रिकाम्या, आणि आता तर घरात पत्रं लिहिणारंही कोणी नव्हतं. मग आजोबांच्या हाताशी जी एकुलती एक ताजी बातमी होती तीच त्यांनी छापली.

आजीने ती हॅडनला वाचली आणि तेविसाव्या दिवशी बोचकं घेऊन ती दारात उभी राहिली. समेट करायला नव्हे, भांडायला.

“विनाकारण?” ती म्हणाली. “कारण लिहायला काय झालं होतं?”

“जागा नव्हती,” आजोबा म्हणाले.

त्यावर ती जी घरात शिरली ती शिरली. जाहिरात पुढच्या आठवड्यात काढायची असं आजोबा म्हणाले होते म्हणे. पण ज्यांनी छापखान्यात हात काळे केले नाहीत त्यांना सांगते. मजकूर एकेका अक्षराचा शिशाचा खिळा लावून जुळवायचा असतो, आणि छापून झाला की एकेक खिळा पुसून परत आपापल्या खणात टाकायचा असतो. त्यापेक्षा जुळलेला गठ्ठा सुतळीने आवळून तसाच ठेवला की पुढच्या गुरुवारी तेवढ्या जागेची काळजी मिटते. आजोबांची अकरा ओळींची काळजी मिटली ती कायमची मिटली.

मग काय काय झालं! राजाचं नाव पहिल्या पानावरून गेलं, जाहिरात राहिली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला तो लांबतलांबत चौथ्या पानापर्यंत पोचला, जाहिरातीच्या डोक्यावर येऊन अडला, आणि त्याचा उरलेला भाग पेल्टनकरांना पुढच्या आठवड्यात कळला. तोवर आठ दिवस आम्ही अर्धवट स्वतंत्र होतो. लढाईत गोळ्या पाडायला शिसं कमी पडलं तेव्हा गावच्या तुकडीचा कप्तान खिळे मागायला आला. आजोबांनी स्तोत्रांच्या पुस्तकाचे खिळे दिले, पंचांगाचे दिले, अकरा ओळींचा गठ्ठा मात्र खिशात घालून उभे राहिले. याच काळात तिसऱ्या पानावर ‘संपादकांस पुत्र झाला’ अशी बातमी दोनदा आली आणि ‘कन्या झाली’ अशी दोनदा. ज्या अंकात मूल व्हायचं त्याच अंकात, पान उलटलं की, बायको बेपत्ता असायची. गावात कोणी त्याचा विचार केला नाही. सवय ही फार मोठी गोष्ट आहे.

चित्रातला पळणारा माणूस इतकी वर्षं दाब खाऊन खाऊन झिजला. बोचकं गेलं, टोपी गेली, पायांच्या काड्या झाल्या. शेवटीशेवटी ती कोंबडी दिसायला लागली. एकदा नदीपलीकडचा एक शेतकरी हरवलेली कोंबडी काखेत धरून घेऊन आला, आणि तिचं नाव केतुराच का, म्हणून आजीलाच विचारत बसला. आजीने कोंबडी ठेवून घेतली.

माझं नाव तिर्झा. आजोबांच्या थोरल्या मुलाची मी मुलगी. वडिलांना शिशाचा वास सोसेना म्हणून ते व्हरमाँटला शेती करायला गेले, आणि माझी बोटं चपळ म्हणून मला आजोबांनी ठेवून घेतलं. आता सांगते ते झालं त्या वर्षी, १८११ साली, मी एकवीस वर्षांची होते आणि निम्मा मर्क्युरी मीच जुळवत होते.

त्या वसंतात गावात नवे पाद्री आले. रेव्हरंड लेम्युएल ग्रिडली. वय सव्वीस, मान लांब, कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले. ‘पुरावा’ हा शब्द त्यांना इतका आवडायचा की जेवणाआधीच्या प्रार्थनेतही तो कुठेतरी यायचा. आमच्या चर्चला शंभर वर्षं होत होती. जूनच्या दुसऱ्या रविवारी गावातल्या सगळ्या घराण्यांचा इतिहास चर्चमध्ये वाचायचा आणि मग चामड्यात बांधून कायमचा ठेवायचा असं ठरलं. म्हाताऱ्यांना विचारायला पाद्रीबुवांनी साफ नकार दिला. माणसं विसरतात, रंगवून सांगतात, छापलेलं तेवढं खरं. ते आमच्या माळ्यावर मर्क्युरीचे सगळे अंक घेऊन बसले. तीन आठवडे रोज आमच्याकडेच जेवले. वाढायला आजीच.

तिसऱ्या मंगळवारी ते खाली उतरले, ताटावर बसले, मक्याच्या पिठाच्या पुडिंगवर काकवी ओतून घेतली आणि चमचा हातात धरून तसेच बसून राहिले.

“बाई, एक नाजूक अडचण आहे.”

“पुडिंग करपलंय का?” आजीने विचारलं.

“पुडिंग उत्तम आहे. पण तुम्ही नाही आहात.”

आजीच्या हातातला डाव तसाच राहिला. “कुठे नाही?”

“पेल्टनमध्ये. १७६९ पासून.” त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. “‘एनॉस विक्सम, संपादक. पत्नी केतुरा ही १७६९ साली घर सोडून गेली. परत आल्याची नोंद नाही. पुढे एनॉस यांस चार अपत्ये झाली. त्यांची आई कोण हे ज्ञात नाही.’”

“मला ज्ञात आहे,” आजी म्हणाली. “मी तिथेच होते.”

“तुम्हाला असेल हो. पण छापलंय कुठे?”

आजी आतून बायबल घेऊन आली आणि कोरं पान त्यांच्यापुढे आपटलं. चारही मुलांचे वार, तारखा, कोणाला दात कधी आला तेसुद्धा. पाद्रीबुवांनी ते मन लावून वाचलं आणि मान हलवली.

“हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“तेच तर. जी बाई इथे नाही तिच्या हातची नोंद मी कशी धरू?”

मी मधे पडले. “अहो पाद्रीबुवा, मग तुम्हाला तीन आठवडे वाढतंय कोण?”

“त्याचा इतिहासाशी संबंध नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. “उलट तो विषय न काढलेला बरा. ‘तिला थारा देणाऱ्यावर कायद्याने इलाज करू’ असं छापलंय. या जर केतुराबाई असतील, तर बेचाळीस वर्षं यांना थारा कोणी दिला? तुमच्या आजोबांनीच. त्यांना स्वतःवरच फिर्याद लावावी लागेल.”

“आणि मी कोण?” मी विचारलं.

“तुम्ही एनॉस यांची नात. एक बाजू कोरी सोडली आहे.” ते दयाळूपणे म्हणाले. “हे बघा, मी अडून बसणारा माणूस नाही. रविवारच्या आत एकच गुरुवार येतोय. त्या अंकात ‘बाई परत आल्या’ एवढं छापून येऊ दे. मी लगेच लिहून घेतो.” आणि त्यांनी दुसऱ्यांदा पुडिंग मागून घेतलं.

ते गेल्यावर मी हसत सुटले. आजीपण हसली. मग हसता हसता ती बाकावर बसली आणि तिने एप्रन तोंडाला लावला. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

“इतकी वर्षं मी ते हसण्यावारीच नेलं गं,” ती म्हणाली. “गावाला ठाऊक होतं ना. पण गाव मरतं, तिर्झा. माझ्या वयाची आता सात माणसं उरली, त्यातली दोन मला ओळखत नाहीत. आम्ही सगळे गेलो की तो चामड्यातला कागद तेवढा राहील. तुझ्या नातवंडांना तोच वाचून दाखवतील. आमची केतुरा पळाली, विनाकारण पळाली. चार पोरं मी जन्माला घातली, एकेकाच्या तापात रात्री काढल्या, आणि त्यांची आई म्हणे ज्ञात नाही.”

मला पाद्रीबुवांचा राग आला नाही. आजोबांचाच आला.

बुधवारी सकाळी आजी हात पुसत छापखान्यात आली. ती सहसा तिथे येत नसे. आजोबा चौथं पान चौकटीत आवळत होते.

“अहो,” ती म्हणाली, “मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज अकरा ओळी मागतेय.”

“केतुरा, मर्क्युरीने कधी दुरुस्ती छापलेली नाही.”

“तुम्ही जित्या गव्हर्नरला पहिल्या पानावर मारलं होतंत!”

“तो पुढे मेलाच की,” आजोबा म्हणाले. “आपण घाई केली, एवढंच. आणि जाहिरात काढून चालणार नाही. पान पडेल.”

पान पडण्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. माझ्या वडिलांनी तरुणपणी एकदा तो गठ्ठा काढायला घेतला, तेव्हा चौकट ढिली होऊन अख्खं पान जमिनीवर सांडलं आणि खिळे निवडायला तीन दिवस गेले. वडील मला खासगीत म्हणायचे की त्यांचं कोपर लागलं होतं. पण आजोबांनी तेव्हापासून धरून ठेवलं की जाहिरात ही पानाची खुंटी आहे.

“बघा,” आजी म्हणाली आणि गेली.

मी खिळ्यांची पट्टी खाली ठेवली. “आजोबा, तुमचं पान पडू दे. मी तीन दिवस बसून निवडीन. आजी काल रडत होती.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचेला शाई जास्तच लागली.

“तुला वाटतं मला पानाची पडलीय,” ते म्हणाले. “ऐक. ती गेली तेव्हा मी दोन पत्रं लिहिली, पाठवली नाहीत. घोडा मागितला, निघालो नाही. मग जाहिरात दिली. आणि ती आली. बाकी काही केलं नाही मी, जाहिरातच दिली. आता ती काढली आणि ती गेली, तर मी काय करू?”

“आजोबा, ती काही त्या जाहिरातीमुळे राहिलेली नाही!”

“तुला काय ठाऊक? तू कधी काढून बघितलीस?”

त्यांनी चौकट आवळली, मी शाई फिरवली, आणि गुरुवारी मर्क्युरी निघाला. चौथ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, कोंबडी होती.

आजीने अंक उभ्यानेच वाचला, नीट घडी घातली आणि चुलीजवळ सरपणावर ठेवला. शुक्रवारी सकाळी ती डोक्याला बॉनेट बांधून, बोचकं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. हॅडनची घोडागाडी आमच्या दारावरूनच जाते.

“घेवडे भिजत घातलेत,” ती मला म्हणाली. “उद्या भट्टीत सरकव. डुकराचं खारवलेलं मांस वर ठेव, खाली नको.” मग ती आजोबांकडे वळली. ते छापखान्याच्या दारात शाईचे हात वर धरून उभे होते. “मिस्टर विक्सम, तुमचं वर्तमानपत्र बेचाळीस वर्षं खोटं बोलतंय. या वयात माझ्याने ते बघवत नाही. मी त्याला खरं करते.”

गाडी हलली. आजोबा मागे धावले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एप्रन लावलेला, चिखलातून.

“अगं, पण जाहिरात आहे ना!” ते ओरडत होते. “काढली नाहीये! आहे अजून चौथ्या पानावर!”

गाडीवानाने मला नंतर सांगितलं की आजीने मागे वळून पाहिलं नाही. पण पहिल्या मैलात तिने त्याला दोनदा विचारलं, म्हातारा पडला तर नाही ना?

रविवारी चर्च गच्च भरलं. आमच्या बाकावर आजोबा, मग आजीची जागा, मग मी. पाद्रीबुवांनी घराण्यामागून घराणं वाचलं. लोक आपलं नाव आलं की खोकायचे. मग आमचं आलं. “‘पत्नी केतुरा ही १७६९ साली घर सोडून गेली. परत आल्याची नोंद नाही.’”

सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. आजवर ही ओळ कोणी वाचली असती तर आजीला उठून उभं करून गाव हसलं असतं. आज जागा रिकामी होती. कोणी हसलं नाही. पाद्रीबुवांनी तर त्या जागेकडे बघून, नोंद तपासून घेतल्यासारखी मान हलवली.

आजोबा उठले. आमच्या चर्चमध्ये प्रवचनात उठून बोलायची पद्धत नाही. त्यांनी पुढच्या बाकाची कड धरली.

“चूक आहे,” ते म्हणाले.

“कशात?” पाद्रीबुवांनी विचारलं.

“मर्क्युरीत.”

चर्चमध्ये असा आवाज झाला की मागच्या बाकावरचा बहिरा लोहार जागा झाला. आजोबा पुढे बोलत राहिले. “ती परत आली होती. तेविसाव्या दिवशी. चारही मुलं तिची आहेत. ती परवा गेली. मी पाहिली जाताना.”

पाद्रीबुवांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. “मिस्टर विक्सम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण छापील कुठे आहे?”

सोमवारी उजाडताच आजोबांनी चौकट सैल केली आणि तो गठ्ठा स्वतःच्या हातांनी बाहेर काढला. पान पडलं नाही. एक खिळासुद्धा हलला नाही. बेचाळीस वर्षांच्या शाईने अकरा ओळींची एक वीट झाली होती. ती त्यांनी खिडकीत ठेवली आणि पानातल्या रिकाम्या भोकाकडे बघत बसले. त्या आठवड्यात टपाल भरपूर आलं होतं, युरोपातल्या लढायाच अडीच पानं होत्या. त्यांनी त्यातलं काही घेतलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. सगळ्या जगाबद्दल लिहिणाऱ्या माणसाला अकरा ओळी सुचेनात.

बुधवारी त्यांनी मला बाहेर काढलं आणि स्वतः जुळवायला बसले. त्यांना बारीक खिळे दिसत नव्हते, ते बोटांनी चाचपून लावत होते. मी पहिली प्रत निघाली तेव्हाच वाचली:

‘माझी बायको केतुरा ही १७६९ साली गेली ती तेविसाव्या दिवशी परत आली, हे छापावयाचे राहिले. चारही मुले तिची. गेल्या शुक्रवारी ती पुन्हा गेली. त्या खेपेस कारण होते व या खेपेसही आहे. कारण मी. तिला जो कोणी थारा देईल त्याचा मी आभारी आहे. एनॉस विक्सम.’

“कोंबडी कशाला परत बसवलीत?” मी डोळे पुसत विचारलं.

“ती असली म्हणजे तिला कळेल, आपलंच आहे,” ते म्हणाले.

अंक हॅडनला गेला. आजी आली नाही. पुढच्या गुरुवारी तीच जाहिरात पुन्हा गेली. आजी आली नाही. आजोबा जेवताना अग्रलेख वाचेनासे झाले. ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, घेवडे बरे झालेत, आणि झालेले नसायचे. तिसऱ्या गुरुवारी अंक गेला, आणि त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनेहून आलो तर आजी स्वयंपाकघरात होती. बॉनेट खुंटीला होतं. मी मनात दिवस मोजले. तेविसावा होता.

“कारण लिहायला जागा झाली वाटतं,” ती म्हणाली.

“युरोप कापला,” आजोबा म्हणाले. मग ते खुर्चीवर बसले. आजीने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून एप्रनला पुसला.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवा धावत आले, दौत-टाक घेऊनच. आम्ही तिघंही छापखान्यात होतो. आजोबांनी सुतळी कापायला सुरी हातात घेतली होती. जाहिरात काढायची आणि तिथे ‘केतुरा परत आली’ असं मोठ्या अक्षरात छापायचं, असं त्यांनी सकाळपासून दहादा सांगितलं होतं.

“उत्तम,” पाद्रीबुवा म्हणाले. “१७६९ ची दुरुस्ती मी करून घेतली आहे. मुलांना आई मिळाली. आता हे एवढं छापून आलं की तुमची नोंद पुरी झाली, बाई.”

आजोबांनी सुरी सुतळीला लावली.

“हात लावू नका,” आजी म्हणाली. “पान पडेल.”

“अगं, नाही पडत. मी काढून बघितलंय,” आजोबा म्हणाले.

“पडेल म्हणते ना.”

पाद्रीबुवा कासावीस झाले. “पण बाई, परत आल्याचं छापलं नाही तर इतिहासात तुम्ही कायमच्या गेलेल्याच राहाल!”

“राहू दे,” आजी म्हणाली. “कारण लिहिलंय ना आता.” आणि ती पुडिंग बघायला आत गेली.

जाहिरात त्यानंतर कोणी काढली नाही. आजोबा गेले, पाच वर्षांनी आजी गेली, दोघांना चर्चमागे शेजारी शेजारी पुरलं. दोघांच्याही मृत्यूच्या बातम्या मीच जुळवल्या, तिसऱ्या पानासाठी. मर्क्युरी आता माझा आहे. सुतळी मी तीनदा बदलली. दर बुधवारी चौथं पान आवळताना खाली डाव्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघते. गठ्ठा घट्ट बसलेला असतो.